आचके देणारी पाइपलाइन: दाब कुठे मोजायचा?

प्रश्न: नमस्कार साहेब. पलूस तालुक्यात आमची शेतकऱ्यांची छोटी पाणीपुरवठा संस्था आहे. कृष्णेवर जॅकवेल, १०० एचपीचे दोन पंप, १४ इंची लोखंडी पाइप, लांबी ३.२ किलोमीटर. लाइन माळावरच्या टेकाडावरून जाते आणि पलीकडे ४०० मीटरवर, टेकाडाच्या माथ्यापासून तीस फूट खाली, डिलिव्हरी चेंबरमध्ये पडते. एकच पंप चालू असला की पाणी कमी, पण एकसारखं येतं. दोन्ही चालू केले की सहा-सात मिनिटं धार वाढत जाते, मग जोराचा आचका बसतो, दुधाळ पाणी येतं, धार बसते आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. पाटकऱ्याला पाळी धरणं अवघड झालंय. जॉइंटही फुटतात. एका विक्रेत्यानं पंपहाउसमध्ये प्रेशर सेन्सर, मोटारवर फिरणारा व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर बसवायला सांगितलंय. समुद्रातल्या तेलाच्या पाइपलाइनी अशाच यंत्रणेनं शांत करतात, असं तो म्हणतो. हे खरं आहे का? आमच्याकडे चालेल का?
— संस्थेचे सचिव, पलूस तालुका

उत्तर: सचिवसाहेब, तेलाच्या पाइपलाइनींचं खरं आहे. तरीही पंपहाउसमध्ये हे यंत्र बसवायला घाई करू नका. पैसे जातील आणि शिवाय पाणीही कमी मिळेल.

तुमच्या पत्रात लाइनचं रेषाचित्र नव्हतं, म्हणून मी येऊन टेकाडावर उभा राहिलो. दोन्ही पंप चालू होते. माथ्यावरच्या एअर व्हॉल्व्हशी पाटकरी आणि मी कान लावून बसलो. काही मिनिटं शांतता होती. मग एकदम सूं करून हवा आत ओढली गेली, आणि थोड्याच वेळात खालून चेंबरवरच्या मुलानं हाक मारली, “बसलं पाणी!” तुमचं दुखणं त्या आवाजात आहे.

घडतं ते असं. एक पंप चालतो तेव्हा माथ्यावरून पलीकडे उतरणारं पाणी पाइप भरून वाहत नाही. ते तळातून, पाटातल्यासारखं उघडं वाहतं, आणि वर हवा असते. प्रवाह कमी, पण स्थिर. दोन्ही पंपांवर पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.५ मीटर होतो. एवढ्या वेगाचं पाणी उतारावरची हवा बुडबुड्यांनी खाली ओढून नेतं. हळूहळू उताराचा पाइप पाण्यानं भरतो आणि सायफन तयार होतो. भरलेलं ते पाणी मागच्या पाण्याला ओढायला लागतं, म्हणून धार वाढते. त्याच वेळी पंपहाउसमध्ये अँपिअरचा काटाही चढत असणार, कारण सेंट्रिफ्यूगल पंपावरची उंची कमी झाली की तो जास्त पाणी ढकलतो आणि जास्त करंट घेतो.

आता हिशेब करा. उतार तीस फूट, म्हणजे ९ मीटर. ४०० मीटर पाइपातलं घर्षण त्यातले अडीच मीटर खातं. बाकी साडेसहा मीटरची ओढ माथ्यावर बसते. म्हणजे तिथला दाब हवेच्या दाबापेक्षा बराच खाली जातो. एअर व्हॉल्व्ह असा दाब दिसला की उघडण्यासाठीच बनवलेला असतो. तो उघडतो, हवा आत घेतो, सायफन तुटतो आणि धार बसते. हवा पुन्हा वाहून जाईपर्यंत सहा-सात मिनिटं लागतात. ना पंप बिघडलाय, ना व्हॉल्व्ह. प्रत्येक भाग आपलं काम चोख करतोय, आणि सगळे मिळून लाइनीला डोलवतायत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण टेकाडावर दोघांनी मला तेच सुचवलं: तो एअर व्हॉल्व्ह बंद करू नका, त्यावर प्लेट मारू नका. भर पंपिंगमध्ये लाइट गेली की चढावरचं पाणी मागे फिरायला लागतं आणि माथ्यावर पोकळी तयार होते. तेव्हा हवा आत आली नाही तर पातळ पत्र्याचा पाइप बाहेरच्या दाबानं पिचकतो. पंप पुन्हा सुरू करताना आतली हवा बाहेर जाते तीही ह्याच वाटेनं.

आता विक्रेत्याच्या यंत्राकडे येऊ. पंपहाउसमधला व्हॉल्व्ह आवळला की दोन पंपांचं पाणी जवळजवळ एका पंपाएवढं होईल आणि आचके थांबतील. थांबतील ते पाणी कमी झाल्यामुळे, कंट्रोलरमुळे नव्हे. तेवढ्यासाठी कंट्रोलर कशाला, एक पंप बंद केला तरी तेच होतं आणि विजेचं बिलही वाचतं. शिवाय सेन्सर चुकीच्या जागी आहे. सायफन तुटल्याची खबर पंपापर्यंत दाबाच्या लाटेनं तीनेक सेकंदांत पोचते, उशीर तसा नाही. पण सत्तर मीटरच्या एकूण दाबात पंपाशी काटा जेमतेम हलतो, आणि आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउतारातही तो तेवढाच हलतो. त्यातला कुठला झोका सायफनचा आणि कुठला विजेचा, हे कंट्रोलरनं ओळखायचं कसं?

मी सुचवतो तो उपाय स्वस्त आहे. माथ्यावर, एअर व्हॉल्व्हच्या जवळ, एक छोटा उघडा हौद बांधा किंवा वर उघडी असलेली उभी नळी लावा. पंपाचं काम तिथं संपेल. पुढचे ४०० मीटर पाणी आपल्या उतारानं जाईल, सायफन तयारच होणार नाही आणि तुटणारही नाही. सायफनमुळे काही मिनिटं जी वाढीव धार मिळायची, तिच्यावर पाणी सोडावं लागेल. पण दिवसभर धार एकसारखी राहील, पाटकरी तासावर पाळी देऊ शकेल आणि जॉइंटला हिसके बसणार नाहीत. उभी नळी लावलीत तर तिची उंची बेताची ठेवा आणि वर जाळी बसवा. हौद केलात तर जास्तीचं पाणी कुठे पडणार, ते आधी ठरवा. शेजारच्या रानात पडलं तर नवा तंटा उभा राहील.

हौदाला जागा मिळत नसेल तर दुसरा उपाय: चेंबरच्या अलीकडे, उताराच्या तळाशी, प्रेशर सस्टेनिंग व्हॉल्व्ह बसवा. हा व्हॉल्व्ह आपल्या मागचा दाब ठरवलेल्या आकड्याखाली जाऊ देत नाही. दाब घटला की थोडा मिटतो, वाढला की थोडा उघडतो. त्याच्या अंगावरचा छोटा पायलट हे काम पाण्याच्याच दाबावर करतो, वीज लागत नाही. तुमच्या लाइनीला ०.९ किलोच्या (म्हणजे ९ मीटर पाण्याच्या दाबाच्या) आसपास सेटिंग ठेवलं तर दोन्ही पंपांवर माथ्यावर अडीच मीटरच्या आसपास दाब शिल्लक राहील, एका पंपावर मीटरभर. एअर व्हॉल्व्ह मग पंपिंग चालू असताना हवा आत घेणार नाही. पाणी किंचित कमी होईल, ते मान्य करूनच घ्या. हेही फीडबॅक नियंत्रणच आहे, म्हणजे दाब बघून व्हॉल्व्ह हलवणं, फक्त ते दुखणं जिथं आहे त्या बाजूला बसलंय.

कुठल्याही मार्गानं गेलात तरी एक पथ्य पाळा: लाइनीवरचा कुठलाही व्हॉल्व्ह झटक्यात बंद होता कामा नये. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला सुमारे १,००० मीटर धावते. ती ३.२ किलोमीटर जाऊन परत यायला साडेसहा सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात किंवा त्याआधी व्हॉल्व्ह पूर्ण मिटला तर वेगातल्या दर एक मीटरमागे सुमारे १०० मीटर उंचीचा जादा दाब उसळतो. यालाच पाणघात म्हणतात. निकोलाय झुकोव्हस्की यांनी हा हिशेब मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली मांडला, आणि तो आजही जसाच्या तसा वापरला जातो. तुमचा व्हॉल्व्ह मिटायला निदान एक मिनिट घेईल असा लावा. आचक्याचं चक्र सहा-सात मिनिटांचं आहे, त्यामुळे मिनिटाचा वेग त्याला पुरतो. नियंत्रणाला सगळीकडे अशीच दोन कुंपणं असतात. डोलण्यापेक्षा जलद हललं पाहिजे, आणि पाणघातापेक्षा संथ.

प्रश्न: सर, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी समुद्रतळावरची तेलाची पाइपलाइन आणि तिथून समुद्रातल्या तेलफलाटापर्यंत चढणारा उभा पाइप, म्हणजे रायझर, यांचं सिम्युलेशन केलंय. व्हॉल्व्ह वर, फलाटावर आहे. रायझरच्या तळाचा दाब मोजून पीआय कंट्रोलर (ठरलेल्या दाबापासूनचा फरक बघून व्हॉल्व्ह हलवणारा साधा कंट्रोलर) लावला की प्रवाह स्थिर होतो. वरचा, व्हॉल्व्हच्या आधीचा दाब मोजला तर कसंही ट्यूनिंग केलं तरी होत नाही. माझं मॉडेल चुकतंय का?
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: मॉडेल बरोबर आहे, आणि तुझ्या हाताला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लागली आहे. माझी नोकरी समुद्रातल्या तेलफलाटांवर, इन्स्ट्रुमेंट विभागात झाली. त्यामुळे हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. इतर वाचकांसाठी जरा मागून सुरुवात करतो.

समुद्रतळावरून येणाऱ्या पाइपात तेल, पाणी आणि गॅस एकत्र असतात. पाइप उतरत येऊन मग रायझरमध्ये सरळ वर चढतो. प्रवाह कमी असला की त्या खोलगट कोपऱ्यात द्रव साचतो आणि गॅसची वाट बंद होते. मागे गॅसचा दाब वाढत जातो, पुढे रायझर द्रवानं भरत जातो. रायझर ३०० मीटरचा असेल तर पूर्ण भरलेल्या पाण्याचा भार सुमारे ३० बार होतो, तेलाचा त्याहून कमी. मागचा गॅस त्या भारावर मात करतो तेव्हा रायझरमधला सगळा द्रव एका दमात फलाटावर येतो, पाठोपाठ गॅसचा लोट. मग दाब पडतो, उरलेला द्रव खाली घसरतो आणि कोपरा पुन्हा बंद होतो. फलाटावर तेल, पाणी आणि गॅस वेगळे करणाऱ्या सेपरेटरची पातळी अशा वेळी वर उसळते, कंप्रेसर आपोआप बंद पडतात, कधी सगळं उत्पादन थांबवावं लागतं. ज्यानं कंट्रोल रूममध्ये तो अलार्म ऐकलाय तो हे विसरत नाही. या दुखण्याबद्दल १९७३ साली योकम यांनी लिहिलं, तेव्हापासूनचा एक जुना इलाज असा: वरचा व्हॉल्व्ह आवळा. व्हॉल्व्ह आवळला की आचके थांबतात, पण मागचा दाब वाढतो आणि विहिरीतून तेल कमी येतं. पलूसच्या पंपहाउसमध्ये विक्रेता जे करायला सांगत होता, तेच हे.

१९९० साली हेडने आणि लिंगा यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की व्हॉल्व्ह एका जागी आवळून ठेवण्याऐवजी दाब बघून सतत हलवला, तर तो जास्त उघडा ठेवूनही प्रवाह शांत राहतो. २००० च्या आसपास उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत, होड ते वालहाल या १३ किलोमीटरच्या लाइनीवर, ते प्रत्यक्ष चालवून दाखवलं गेलं. त्याचं गणित ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात सिगुर्द स्कोगेस्टाड आणि त्यांचे विद्यार्थी एस्पेन स्टोर्कास यांनी उलगडलं. त्यांचं नमुन्याचं उदाहरण ४.३ किलोमीटर पाइप आणि ३०० मीटर रायझरचं आहे. तिथं व्हॉल्व्ह सुमारे १३ टक्क्यांपुढे उघडला की आचके सुरू होतात.

यातली गोम अशी की १३ टक्क्यांपुढेही एकसारख्या प्रवाहाची अवस्था असतेच. समीकरणं सोडवली की ती मिळते. फक्त ती आपणहून टिकत नाही, जरा धक्का लागला की सिस्टीम तिच्यापासून दूर पळते. डोक्यावरची भरलेली घागर हात न लावता नेणारी बाई काय करते? घागर कलायला लागली की मान लगेच तेवढीच हलते. घागर कधीच पूर्ण स्थिर नसते, पण पडतही नाही. कंट्रोलरचं काम त्या मानेचं आहे. बळ फार लागत नाही, कलणं लवकर कळावं लागतं.

आता तुझा प्रश्न. रायझरमध्ये किती द्रव साठलाय आणि मागे किती गॅस कोंडलाय, यावर अस्थिरता ठरते. तळाचा दाब ते वजन सरळ सांगतो. वरच्या दाबाला ते वजन दिसत नाही. व्हॉल्व्ह जरा उघडला की वरचा दाब आधी पडतो. पण त्यामुळे खालून जास्त गॅस आणि द्रव वर खेचला जातो आणि थोड्या वेळानं तोच दाब उलट दिशेला वळतो. म्हणजे सुरुवातीला काटा एक सांगतो आणि नंतर त्याच्या विरुद्ध. तू पोल आणि झीरो काढून बघ. (सोप्या भाषेत, अस्थिर पोल म्हणजे सिस्टीम किती जलद दूर पळते त्याचं माप, आणि उजव्या बाजूचा झीरो म्हणजे काटा आधी उलट दाखवतो त्याची खूण.) वरच्या दाबाच्या ट्रान्सफर फंक्शनमध्ये उजव्या अर्ध्या प्रतलात झीरो दिसतील, आणि ते अस्थिर पोलच्या अगदी जवळ असतील. पोल म्हणतो जलद हल, झीरो म्हणतो घाई करशील तर फसशील. ही दोन्ही जवळजवळ आली की पीआय, एलक्यूजीसारखा प्रगत कंट्रोलर, काहीही लाव, उपयोग होत नाही. हा दोष कंट्रोलरचा नाही, मोजण्याच्या जागेचा आहे. तळाच्या दाबाला असले झीरो नाहीत, म्हणून साधा पीआयसुद्धा पुरतो.

तुझ्या गाइडनी “तळाचा सेन्सर बंद पडला तर?” असं विचारलंच, तर कॅस्केड, म्हणजे एकात एक असे दोन कंट्रोलर, करून दाखव. समुद्रतळावरचा सेन्सर बदलणं खर्चाचं आणि वेळखाऊ असतं, म्हणून फलाटावर हा प्रश्न खरोखरच येतो. आतल्या लूपमध्ये व्हॉल्व्हमधून जाणारा प्रवाह मोजून तो स्थिर कर. प्रवाहाच्या मापात ते त्रासदायक झीरो नसतात, मात्र त्याचा संथ वारंवारितेचा गेन फार कमी असतो, म्हणजे व्हॉल्व्ह सावकाश हलवला तर प्रवाहाच्या मापात फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे नुसत्या प्रवाहावर सोडलं तर सिस्टीम हळूहळू सरकत जाते. म्हणून बाहेरच्या लूपमध्ये वरचा दाब घे आणि त्यानं प्रवाहाचा सेटपॉइंट, म्हणजे ठरवलेला आकडा, सावकाश हलव. स्थिर करण्याचं काम आतल्या लूपनं आधीच केलेलं असतं, त्यामुळे बाहेरच्याला घाई नसते आणि तिथं झीरो आड येत नाहीत.

एक भर मात्र नक्की घाल: मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह एका क्षणात उघडतो, फलाटावरचा मोठा चोक व्हॉल्व्ह तसा उघडत नाही. त्याच्या हालण्याला वेगमर्यादा लाव आणि ती कमी कमी करत जा. एका टप्प्यावर तुझा उत्तम ट्यून केलेला कंट्रोलर अचानक हरेल. तो टप्पा कुठला, हे रिपोर्टमध्ये आकड्यानिशी लिही. परीक्षक खूश होतील की नाही ते मी सांगू शकत नाही, पण उद्या प्लांटवर तोच आकडा तुझ्या उपयोगी पडेल.

प्रश्न: सर, मी पाटण तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवते. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघराकडे जातं, त्या वाटेवर सर्ज शाफ्ट, म्हणजे वर उघडी उभी विहीर, असते, असं मुलांना सांगितलं. एका मुलानं विचारलं, “बाई, टर्बाइनला व्हॉल्व्ह असताना मधे ही विहीर कशाला?” मला नीट उत्तर देता आलं नाही.
— शिक्षिका, पाटण

उत्तर: ताई, त्या मुलाचं कौतुक करा. त्याच्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत.

पहिलं वर पलूसच्या उत्तरात येऊन गेलंय. टर्बाइन एकदम बंद करावं लागलं तर लांबलचक बोगद्यातलं प्रचंड पाणी जागच्या जागी थांबू शकत नाही. त्याला वर चढायला विहीर मिळाली की तडाखा बोगद्याला बसत नाही.

दुसरं उत्तर जास्त रंजक आहे. टर्बाइनला गव्हर्नर असतो, तो ठरलेली वीज कायम ठेवायला बघतो. समजा विहिरीतली पातळी थोडी उतरली. उंची घटली, म्हणून तेवढीच वीज काढायला गव्हर्नर टर्बाइनचं पाण्याचं दार जास्त उघडतो. त्यामुळे पाणी जास्त ओढलं जातं आणि पातळी आणखी उतरते. पातळी चढत असताना नेमकं उलट होतं. म्हणजे इथं फीडबॅकच डोलणं वाढवतो. विहीर अरुंद असेल तर हे झोके वाढत जातात, पुरेशी रुंद असेल तर आपोआप विरतात. किती रुंदी पुरेशी, याचा नियम डिटर थोमा यांनी १९१० साली जर्मनीतल्या हाइमबाखच्या जलविद्युत केंद्राच्या अनुभवावरून मांडला. जगभर सर्ज शाफ्टची रुंदी ठरवताना आजही आधी तोच तपासतात. तुमच्या शाळेतलं कुणी पुढे इंजिनिअरिंगला गेलं तर हुर्विट्झचा स्थिरतेचा निकष शिकेल. तोही १८९५ साली पाण्याच्या टर्बाइनच्या गव्हर्नरमुळेच जन्मला. स्टोडोला यांनी प्रश्न घातला आणि हुर्विट्झ यांनी सोडवला.

वर्गात पहिला भाग सहज दाखवता येईल. टेबलावर बादली ठेवा, तिच्या तळाशी एक इंची तीन-चार मीटर रबरी नळी जोडा. नळीच्या टोकाला तोटी, आणि तोटीच्या जरा अलीकडे टी लावून पारदर्शक नळी उभी करा. ती बादलीच्या काठापेक्षा हातभर उंच हवी. तोटी पूर्ण उघडून पाणी वाहू द्या, मग झटकन बंद करा. उभ्या नळीतलं पाणी बादलीच्या पातळीच्याही वर उडी मारेल, खाली जाईल, पुन्हा चढेल. मग उभी नळी दुप्पट रुंद घ्या आणि तेच करा. आता उडी लहान होईल आणि झोका संथ. दोन्ही वेळा उडीची उंची पट्टीनं मोजायला त्याच मुलाला पुढे बोलवा. वर्गात पाणी सांडेल, म्हणून हा प्रयोग व्हरांड्यात करा.